टर्बोची हवा, इंधनाचा हिशेब

टर्बोचार्जरचा इतिहास सांगणारी पुस्तकं हवेबद्दल भरभरून लिहितात. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूवर फिरणारी टर्बाइन, मिनिटाला लाखाच्या वर जाणारे तिचे फेरे, तिच्या जोरावर इंजिनात कोंबली जाणारी हवा, हे सगळं वाचायला मलाही आवडतं. पण जास्तीच्या हवेला जास्तीचं इंधन कोण पुरवतं, कुठल्या दाबाने आणि कोणाच्या हुकमाने, हा विषय बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेला असतो. माझं कामाचं सगळं आयुष्य त्या दोन ओळींत गेलं. म्हणून घरच्या गॅरेजमध्ये साध्या गाडीला टर्बो बसवणाऱ्या लोकांचा इतिहास मी इंधनाच्या बाजूने सांगणार आहे. माझ्या मते तो तिथूनच नीट समजतो.

पुण्यात कोथरूडला 1962 साली किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली आणि कमिन्सची पीटी इंधनप्रणाली आपल्याकडे पोचली. पीटी म्हणजे प्रेशर-टाइम. मी शिकलो ते या पंपांच्या टेस्ट बेंचवर. इतर डिझेल पंपांत प्लंजर दर फेऱ्याला ठरावीक माप इंधन ढकलतो. पीटीत तसं नाही. पंप फक्त दाब ठरवतो. त्या दाबाने इंजेक्टरच्या बारीक छिद्रातून, छिद्र जितका वेळ उघडं असेल तितकं इंधन आत जातं. फेरे वाढले की वेळ कमी होतो, म्हणून दाब वाढवावा लागतो. त्यासाठी गव्हर्नरच्या प्लंजरसमोर एक छोटं बटण असतं. बटणाच्या तोंडावरच्या खोलगट भागाचा व्यास थोडा मोठा असला तर दाब कमी मिळतो, लहान असला तर जास्त. नाण्याएवढाही नसलेला तो तुकडा बदलला की ट्रकचा घाट चढण्याचा दम बदलायचा. इंधनाचा दाब म्हणजे इंजिनाची ताकद आणि इंजिनाचं आयुष्य, हे मला त्या बटणाने शिकवलं.

टर्बोच्या इंजिनांना आणखी एक भाग असायचा. आधीच्या पंपांना बाहेरून लावलेला ॲनेरॉइड आणि पुढे पंपातच बसवलेला एएफसी, म्हणजे एअर-फ्युएल कंट्रोल. मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी यायची आणि तिच्यातली हवा एका डायफ्रॅमवर दाब द्यायची. टर्बोने हवा भरली की डायफ्रॅम सरकायचा आणि इंधनाला वाट मोकळी करून द्यायचा. हवा आली नसेल तर इंधनही नाही. बॉशच्या पद्धतीच्या पंपांवर हेच काम एलडीए करतो, आणि पंप-नोझलच्या दुकानांत हा शब्द आजही रोजचा आहे. हवेचा दाब, डायफ्रॅम, स्प्रिंग आणि इंधन या चौघांचं नातं ओळखता आलं की पुढचा सगळा इतिहास हातात येतो.

डिझेलला सोपं, पेट्रोलला अवघड

टर्बोचं मूळ पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांचं, 1905 सालचं. त्यांना मोठं यश मिळायला वीस वर्षं लागली आणि ते मिळालं डिझेलवर. 1920च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांची इंजिनं टर्बोमुळे 1750 अश्वशक्तीवरून 2500 वर गेली. डिझेल आधी जमलं याला कारण आहे. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त असते. इंधन थोडं कमी पडलं तर ताकद कमी होते, जास्त झालं तर काळा धूर येतो. दोन्हींत ड्रायव्हरला कळतं आणि इंजिन बहुधा वाचतं.

पेट्रोलचा स्वभाव वेगळा. वजनाच्या हिशेबात एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे जळणाचं पुरतं प्रमाण. पूर्ण ताकद मागताना ते 12-13 पर्यंत आणावं लागतं, आणि टर्बोच्या बूस्टखाली, म्हणजे त्याने चढवलेल्या हवेच्या दाबाखाली, त्याहून थोडं रिच ठेवतात, कारण जास्तीचं पेट्रोल ज्वलनकक्षाला थंडही करतं. मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं, की सिलिंडरमधलं तापमान चढतं, ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकतं आणि नॉकिंग सुरू होतं. बूस्टखाली हे काही सेकंद चाललं तरी पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, गॅस्केट उडतं, कधी पिस्टनला भोक पडतं. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे, हे व्हायच्या आधी गाडी चांगलीच पळत असते.

अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफोर्ड मॉस यांनी 1918 साली लिबर्टी हे विमानाचं इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक डोंगरावर 14,000 फुटांवर नेऊन टर्बोची परीक्षा घेतली आणि विरळ हवेतही समुद्रसपाटीइतकी ताकद काढून दाखवली. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17 बॉम्बर विमानांवर टर्बो होतेच. रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र ते यायला वेळ लागला. 1952 साली इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत फ्रेडी अगाबाशियन यांनी टर्बो लावलेली कमिन्स डिझेल गाडी सगळ्यांत पुढच्या जागेवर आणून उभी केली. त्या शर्यतीत उतरलेली ती पहिली टर्बो गाडी. शर्यत मात्र अर्धवट सुटली, कारण खाली, पुढच्या बाजूला असलेल्या टर्बोच्या तोंडात टायरच्या रबराचा चुरा जाऊन ते तुंबलं. कोथरूडच्या कारखान्यात आम्हा नव्या पोरांना ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची.

कारखान्यांची दोन उत्तरं

पेट्रोलच्या टर्बो गाड्या विक्रीला आल्या त्या 1962 साली, दोन्ही जनरल मोटर्सच्या: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर. दोघांनी कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवला, म्हणजे टर्बो हवा नव्हे तर तयार मिश्रणच ओढून घ्यायचा.

जेटफायरचं इंजिन 215 घनइंची, ताकदही 215 अश्वशक्ती, आणि कॉम्प्रेशन 10.25. एवढ्या कॉम्प्रेशनवर बूस्ट म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं द्रावण वेगळ्या टाकीतून फवारलं जायचं. टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप रोखण्याची सोयही होती. पण गिऱ्हाइकं टाकी भरायची नाहीत, मग गाडीत जोर नाही अशी तक्रार यायची, आणि पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्बोरेटर लावून देण्याची व्यवस्था केली. कॉर्व्हेअरने दुसरा मार्ग धरला. कॉम्प्रेशन कमी केलं आणि वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, न लावता एक्झॉस्टच्या अडथळ्यावरच बूस्टची मर्यादा सोपवली. इंजिन 2.4 लिटरचं, ताकद 150 अश्वशक्ती.

सत्तरच्या दशकात घरच्या हौशी लोकांनी कारखान्यांची, आधी कार्बोरेटर मग टर्बो, हीच मांडणी उचलली. अमेरिकेत ह्यू मॅकइन्स यांचं टर्बोवरचं पुस्तक त्यांच्या हातात होतं, तयार किट मिळू लागली होती, आणि मांडणी सोपी होती. कार्बोरेटर बाहेरच्या हवेतच बसलेला, त्यामुळे मूळचा पेट्रोल पंप चालायचा. इंधनाच्या दाबाला कोणी हात लावायची गरज नव्हती. किंमत दुसरीकडे मोजावी लागे. टर्बोपासून सिलिंडरपर्यंतची सगळी वाट पेट्रोलच्या मिश्रणाने भरलेली. मध्ये इंटरकूलर टाकावा तर बॅकफायर झाल्यावर पेटायला केवढं मिश्रण साठणार! थंडीत पेट्रोल नळ्यांच्या भिंतींवर साचायचं. थ्रॉटल बंद केला की टर्बोच्या सीलमधून तेल ओढलं जायचं, म्हणून खास कार्बन सील लागायचं. हवा थंड करता येत नाही म्हणजे बूस्ट वाढवता येत नाही, आणि हौशी माणसाची इच्छा तर नेमकी तीच.

दाबाचा प्रश्न जन्माला येतो

मग लोकांनी कार्बोरेटर टर्बोच्या पुढे, दाबलेल्या हवेत नेला. हवा आधी दाबायची, थंड करायची, मग तिच्यात पेट्रोल मिसळायचं. कल्पना उत्तम, पण त्या दिवशी इंधनाचा दाब हा घरच्या टर्बोवाल्यांचा मुख्य विषय झाला, आणि तो अजून सुटलेला नाही.

आता कार्बोरेटरच्या वाटीतही बूस्टचा दाब पोचवावा लागतो, नाहीतर जेटमधून पेट्रोल वर येणारच नाही. वाटीत बूस्टचा दाब म्हणजे पेट्रोलला त्या दाबावर मात करून आत शिरायचं. साध्या कार्बोरेटरची नीडल व्हॉल्व्ह 0.2 ते 0.3 बारवर समाधानी असते आणि मूळचा पंपही साधारण तेवढंच देतो. बूस्ट 0.5 बार झाला की महापालिकेचं पाणी जसं चौथ्या मजल्याला चढत नाही तसं पेट्रोल वाटीत चढत नाही. दाब कायमचा वाढवून ठेवावा तर बूस्ट नसताना नीडल व्हॉल्व्ह उचलली जाते आणि कार्बोरेटर ओसंडतो.

उत्तर एकच: इंधनाचा दाब बूस्टच्या बरोबरीने चढला-उतरला पाहिजे आणि दर क्षणी थोडासा पुढे राहिला पाहिजे. म्हणजे तोच माझा ओळखीचा डायफ्रॅम. रेग्युलेटरच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या कप्प्यात मॅनिफोल्डकडून आलेली नळी. बूस्ट जितका वाढेल तितका डायफ्रॅम जास्त जोराने वाट अडवतो, टाकीकडे परतणारं पेट्रोल कमी होतं आणि दाब तेवढाच चढतो. स्प्रिंग घट्ट-सैल करायला वरती स्क्रू आणि चेकनट. विजेचा पंप, परतीची नळी आणि हा रेग्युलेटर आला, तेव्हा ही मांडणी भरवशाची झाली. त्याआधी काही जण मूळ पंपाच्या डायफ्रॅमची खालची बाजू बंद करून तिथे बूस्टची नळी जोडत. बूस्टच्या दाबाने कार्बोरेटरचे पितळी पोकळ फ्लोट चेपायचे, मग ते भरीव फोमचे करायचे. थ्रॉटलच्या दांड्याच्या फटीतून मिश्रण बाहेर फवारायचं, तिथे सील बसवायचं. यातली एकेक दुरुस्ती इंजिन खोलून, कारण शोधून कोणीतरी मिळवली आहे, आणि त्यातल्या बहुतेकांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

लोटसने 1980 साली एस्प्रि टर्बो काढली तेव्हा 2.2 लिटरच्या इंजिनावर दोन डेलॉर्टो कार्बोरेटर याच पद्धतीने दाबाखाली बसवले होते आणि 210 अश्वशक्ती काढली होती. ती श्रीमंतांची गाडी. सामान्य घरातल्या पोरांपर्यंत ही विद्या नेली ती 1985 साली आलेल्या रेनो 5 जीटी टर्बोने. 1397 घनसेंटिमीटरचं जुन्या धर्तीचं इंजिन, एक सोलेक्स कार्बोरेटर, छोटा गॅरेट टर्बो आणि जवळपास 115 अश्वशक्ती. ब्रिटनमध्ये या गाडीने घराच्या दारात पाने घेऊन बसणारी एक पिढी तयार केली. बूस्ट वाढवणं फार स्वस्त होतं. वेस्टगेटकडे जाणाऱ्या नळीत हवा सोडणारी छोटी व्हॉल्व्ह लावली की झालं. इंधनाचा दाब वाढवायला रेग्युलेटर, गेज आणि वेळ लागायचा. ज्यांनी क्रम उलटा केला, आधी बूस्ट आणि मग जमेल तेव्हा इंधन, त्यांची इंजिनं गेली. ज्यांनी आधी गेज घेतलं, त्यांच्या काही गाड्या आजही पळतात.

नळी काढून मोजायचा दाब

इंजेक्शन आल्यावर हा हिशेब आणखी नेटका झाला. बॉशच्या के-जेट्रॉनिकमध्ये इंधन अखंड फवारलं जातं. हवेच्या पुराने वर उचलली जाणारी तबकडी प्लंजर उचलते, आणि प्लंजरच्या डोक्यावर एक नियंत्रक दाब तिला विरोध करतो. हा विरोध कमी केला की मिश्रण रिच होतं. 1975ची पोर्शे 911 टर्बो आणि 1977 साली जगापुढे आलेली साब 99 टर्बो याच प्रणालीवर चालल्या. टर्बो गाड्यांत हा नियंत्रक दाब ठरवणाऱ्या वॉर्म-अप रेग्युलेटरला बूस्टची खबर देणारी नळी असायची, आणि घरच्या कारागिरांनी त्या रेग्युलेटरच्या दाबाशी खेळायला शिकून घेतलं.

1974च्या एल-जेट्रॉनिकपासून जी पद्धत रुळली ती वेगळी: विजेने उघड-बंद होणारे इंजेक्टर, नळीत साधारण 2.5 ते 3 बार दाब, आणि मॅनिफोल्डच्या नळीशी जोडलेला रेग्युलेटर. इंजेक्टरला महत्त्व असतं ते मागचा आणि पुढचा दाब यांच्यातल्या फरकाला. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणून गेजवर 3 ऐवजी 2.4 च्या आसपास दिसतात. 0.5 बार बूस्टला 3.5 दिसले पाहिजेत. फरक दोन्हीकडे 3च. म्हणूनच मूळ दाब लावताना नळी रेग्युलेटरवरून काढायची, तिचं तोंड बंद करायचं, मगच स्क्रू फिरवायचा आणि चेकनट आवळायचा. अमेरिकेत नळीचं तोंड बंद करायला गोल्फची टी वापरतात; अगदी बरोब्बर बसते. काढलेल्या नळीला पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटला असं समजायचं आणि तिथेच थांबायचं.

यामागचं गणित वर्गमुळाचं आहे. इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दाब 3 वरून 4 बार केला तर इंधन तेहतीस नव्हे, जेमतेम पंधरा टक्के वाढतं. आता बूस्टची नळीच जोडलेली नाही असं धरा. 0.5 बार बूस्टला फरक उरतो 2.5 बारचा, म्हणजे इंधन नऊ टक्क्यांनी घटतं, आणि हवा त्याच वेळी जवळपास दीडपट झालेली असते. त्या इंजिनाचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे.

या साध्या हिशेबाची सगळ्यांत सुंदर सवय मला ब्यूइक ग्रँड नॅशनलच्या मालकांत दिसली. 3.8 लिटरचं व्ही-6 टर्बो इंजिन, 1987 साली कागदावर 245 अश्वशक्ती, आणि त्याच वर्षी जीएनएक्स नावाच्या 547 खास गाड्या. मुलीकडे मिशिगनला गेलो की शेजारच्या गॅरेजमधली अशी एक काळी गाडी मी तासन्‌तास पाहत बसे. तिच्या पुढच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, टेपने एक गेज चिकटवलेलं असे. पेट्रोलची नळी प्रवासी बसतात तिथे आत आणायची नाही हा तिथला नियम, म्हणून गेज बाहेर आणि नजर काचेतून. नळी काढून दाब लावलेला सुमारे 43 पीएसआय, म्हणजे 3 बार. बूस्ट 20 पीएसआय झाला की गेजवर 63 दिसायलाच हवेत. 58 दिसले की पाय उचलायचा. पंप थकला आहे, फिल्टर तुंबला आहे किंवा पंपाला वीज पुरेशी मिळत नाही, यांपैकी काहीतरी आहे. म्हणून पंपाला जाड वायरने थेट वीज देण्याची पद्धत त्या मंडळींत सर्रास होती. त्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एक वही होती: तारीख, हवेचं तापमान, नळी काढून आलेला दाब, बूस्ट आणि बूस्टखालचा दाब. आमच्या टेस्ट बेंचवरची नोंदवही नेमकी अशीच असायची. ती उघडून दाखवली तेव्हा या माणसाशी मला वेगळी ओळख करून घ्यावीच लागली नाही.

दाबाने वेळ विकत घेण्याचा काळ

ब्यूइक निदान कारखान्यातून टर्बो लावूनच आली होती. ज्या गाडीला टर्बो ठाऊकच नाही तिच्या कॉम्प्युटरला बूस्ट काय हेच कळत नाही. 1989 साली आलेली माझदा मियाटा हे याचं चांगलं उदाहरण. छोटी, हलकी, 1.6 लिटरची. हवा मोजायला तिच्यात झडप असते, आणि झडप पुरती उघडल्यावर आणखी हवा आली तर कॉम्प्युटर आंधळा. माझ्या भाच्याने मिशिगनला अशीच एक जुनी मियाटा घेऊन घरी टर्बो बसवला होता. तो म्हणाला, “मामा, कॉम्प्युटर इंजेक्टर जितका वेळ उघडतो तितकाच उघडणार. तो वेळ माझ्या हातात नाही.” मी म्हटलं, “मग दाब तुझ्या हातात आहे. पीटी पंपाचं हेच तर तत्त्व.”

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या हौशी लोकांनी हेच तत्त्व एका डबीत बसवलं होतं. तिला एफएमयू, म्हणजे फ्युएल मॅनेजमेंट युनिट, म्हणत. मूळ रेग्युलेटरच्या पुढे, परतीच्या नळीवर ती लावायची. आत दोन डायफ्रॅम, बूस्टकडचा मोठा आणि पेट्रोलकडचा लहान. दोघांच्या क्षेत्रफळाचं जे प्रमाण, तितक्या पटीने बूस्ट पेट्रोलच्या दाबात उमटतो. काही डब्यांत एका पीएसआय बूस्टला दहा-बारा पीएसआय दाब चढे. कॉर्की बेल यांनी टर्बोवरच्या 1997च्या पुस्तकात आणि स्वतःच्या किटमध्ये हा मार्ग लोकांना समजावून दिला. एक स्क्रू चढ कुठून सुरू व्हावा ते ठरवायचा, दुसरा चढ किती तिखट असावा ते.

पण वर्गमूळ कोणाला सोडत नाही. दीडपट इंधन हवं तर फरकाचा दाब सव्वादोनपट, म्हणजे 3 चे 6.75 बार. त्यात 0.5 बूस्ट मिळवला की गेजवर सव्वासात बार, शंभर पीएसआयच्या वर. एवढ्या दाबाला साधा पंप पुरत नाही, त्याच्या आतली सेफ्टी व्हॉल्व्ह उघडते. काही इंजेक्टर उघडायलाच नकार देतात. जुन्या रबरी नळ्या फुटून गरम टर्बोवर पेट्रोल उडण्याचा धोका वेगळाच. म्हणून ही किट पाच-सात पीएसआय बूस्टवर थांबायची, आणि तिथे थांबणारे लोक सुखी असायचे.

आणि मिश्रण खरंच बरोबर आहे हे कळायचं कसं? सुरुवातीला प्लग काढून त्याच्या पोर्सिलिनचा रंग वाचत. मग एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं गेज आलं. बॉशचा लॅम्डा सेन्सर 1976 साली व्होल्वोमध्ये आला, पण तो 14.7 च्या इकडे की तिकडे एवढंच नीट सांगतो. 12 आणि 11 मधला फरक त्याला भरवशाने सांगता येत नाही. होंडाने 1992च्या सिव्हिकच्या लीन-बर्न मॉडेलात रुंद पट्ट्याचा सेन्सर वापरला, आणि हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तो घेऊन स्वतःचे मीटर बनवले. पुढे तयार वाइडबँड मीटर स्वस्त झाले. त्या दिवसापासून घरच्या गॅरेजमधलं निदान अंदाजावरून आकड्यावर आलं. दोन्ही काळ हाताळलेल्या माणसाला विचारा, या बदलाची किंमत तो सांगेल.

2001 च्या सुमारास ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन अभियंत्यांनी मेगास्क्वर्ट नावाचा, घरी सोल्डर करून जोडता येणारा इंजेक्शन कॉम्प्युटर लोकांसाठी खुला केला. आता वेळही घरच्या माणसाच्या हातात आला. मोठे इंजेक्टर बसवायचे, ते किती वेळ उघडायचे ते टेबलात भरायचं. बूस्टच्या दहापट दाब चढवणाऱ्या डब्या कोपऱ्यात गेल्या. साधा रेग्युलेटर मात्र जागेवरच राहिला, एकास एक, नळीसकट. कॉम्प्युटरच्या टेबलातला प्रत्येक आकडा ‘दाबातला फरक कायम आहे’ या गृहीतकावर उभा असतो. पाया दाबाचाच आहे, इमारत तेवढी बदलली.

इकडची गोष्ट

आपल्याकडे पेट्रोल गाडीला घरी टर्बो बसवणारे थोडेच. आपली हौस डिझेलवर फुलली. रांजणगावला फियाट-टाटाच्या कारखान्यात 1.3 मल्टिजेट इंजिनं बनू लागली, कॉमन रेल डिझेल घरोघरी पोचलं, आणि पाठोपाठ ‘ट्यूनिंग बॉक्स’ आले. बहुतेकांची युक्ती एकच: रेलचा दाब सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीत शिरायचं आणि कॉम्प्युटरला दाब आहे त्याहून कमी सांगायचा. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो, इंजेक्टर तितकाच वेळ उघडतो, इंधन वाढतं. एफएमयूचंच हे डिझेलमधलं रूप, फरक इतकाच की इथला दाब हजार बारच्या वर असतो आणि तो खरा किती आहे हे दाखवणारं गेज मालकाकडे नसतं. मिशिगनचा तो शेजारी काचेवर गेज चिकटवून गाडी चालवायचा; इथे मापन करणाऱ्या एकमेव सेन्सरलाच खोटं बोलायला लावलं जातं. घरच्या कारागिरीच्या सगळ्या परंपरेच्या हे उलट आहे, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलांत मनाने बदल करता येत नाही. ज्यांना प्रयोग करायचे आहेत त्यांनी ते शर्यतीच्या बंद ट्रॅकवर किंवा टेस्ट बेंचवर करावेत. पण प्रयोग व्हायला हवेत असं मी ठामपणे म्हणतो. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लागेल तो भाग बनवून देणारे हात आहेत, नाशिकच्या सातपूरला इंजेक्शनचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. एवढी कारागिरी इतक्या जवळ जवळ फार थोड्या ठिकाणी सापडेल. इथल्या पोरांना आयटीआयमध्ये आणि डिप्लोमाला टर्बो कसा फिरतो हे चित्र काढून शिकवतात. त्याआधी त्यांच्या हातात एक रेग्युलेटर, एक पंप आणि एक गेज द्यावं. नळी लावून दाब वाचायचा, नळी काढून वाचायचा, हातपंपाने डायफ्रॅमवर हवा देऊन दाब किती चढतो ते मांडायचं, आणि वर्गमुळाचा आलेख स्वतःच्या आकड्यांनी काढायचा. दोन तासांचं काम आहे. ते ज्याने एकदा केलं तो पुढे डिझेलवर जावो, सीएनजीवर जावो की हायड्रोजनवर, नळीतला खरा दाब मोजल्याशिवाय तो ताकद वाढवणार नाही. घरच्या टर्बोवाल्यांनी पन्नास वर्षांत, कितीतरी पिस्टन गमावून, हा एक नियम जगाला दिला. आपल्याला तो फुकट मिळतो आहे, तर तो अभ्यासक्रमात घेण्यात उशीर कशाला?